आधी तुम्ही करून दाखवा

भूपेंद्र ती बातमी पेढ्यांचा पुडा आणावा तशी घेऊन आला. एक चप्पल दारात, एक जिन्यात आणि तोंडभर हसू.

"वहिनी, आलं माझं नाव! पुढच्या बॅचला आमच्या दवाखान्यातून मला पाठवतायत. लहान मुलांचं इमर्जन्सीचं ट्रेनिंग. तुम्ही शिकवता ना, तेच!"

सुषमा भाकरी थापत होती. तिचा हात परातीत तसाच राहिला आणि तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटेपर्यंत तिला ती उलटायचं सुचलं नाही.

"कधी आहे?" तिने विचारलं.

"होळीच्या आधीचा शनिवार-रविवार. म्हणजे घरात मास्तरीण तुम्ही आणि तिथेही तुम्हीच. नापास केलंत तर माय जेवायला देणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

खाटेवर लसूण सोलत बसलेली धुरपदाबाई, त्याची आई, कितीतरी महिन्यांनी हसली. "मन्हा पोऱ्याले कोन नापास करस ते दखसू मी!"

सासू हसली म्हणून सुनेला बरं वाटायला हवं होतं. सुषमाने मात्र करपलेली भाकरी तव्यावरून काढून बाजूला ठेवली. त्या ट्रेनिंगला पहिल्या दिवशी दुपारी काय शिकवतात ते तिला ठाऊक होतं. ते ऐकल्यावर भूपेंद्र पुन्हा असा हसणार नाही, हेही ठाऊक होतं.

भूपेंद्र तिचा धाकटा दीर. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात ॲम्ब्युलन्सवर काम करायचा. तिथे त्याला ब्रदर म्हणत. शिक्षण म्हणाल तर बारावी, आणि पुढचं सगळं बघून बघून आलेलं. पण पर्वत पाटियाच्या त्यांच्या गल्लीत सगळी धुळे-नंदुरबारकडची बिऱ्हाडं, आणि त्या गल्लीच्या हिशेबी ॲम्ब्युलन्सवर बसणारा माणूस म्हणजे पाऊण डॉक्टर. कुणाचं पोर पडलं, कुणाच्या आजीला चक्कर आली, की हाक भूपेंद्रला. सुषमा रीतसर कोर्स केलेली नर्स, पण तिला कोण विचारतो? सून ती सून. गल्लीला पांढरा कोट दिसला की पुरे, आणि तो पुरुषाच्या अंगात असला तर मग बोलायलाच नको.

याचा तिने भूपेंद्रवर कधी राग धरला नाही. ती बुलढाण्याकडची, लग्न होऊन आली तेव्हा या घरची अहिराणी तिच्या डोक्यावरून जायची. सासू काय म्हणतेय ते भूपेंद्र शेजारी बसून मराठीत सांगायचा, आणि सासू रागावली असली तर सांगताना अर्धं गाळून टाकायचा. नवरा गजेंद्र स्वभावाने मुका, मार्केटात साड्यांच्या पॅकिंगला उभा राहून दमून यायचा. घरात बोलणारा, हसवणारा भूपेंद्रच. तिच्या मुलाचं नावही त्यानेच ठेवलं होतं. हेत. गुजरातेत राहतो तर नावही इकडचंच असू दे, म्हणाला.

हेत गेला तो गेल्या श्रावणात, कानबाईच्या दिवशी.

खानदेशातली माणसं कुठेही पोटापाण्याला गेली तरी कानबाई बरोबर नेतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी घरात मांडायची, रात्र जागवायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. सुरतेत त्या दिवशी तापीकडे जाणारे रस्ते खानदेशचेच होऊन जातात. धुरपदाबाईच्या घरची रीत अशी, की देवीचा पाट घरच्या सुनेने डोक्यावर घ्यायचा, आणि एकदा उचलला की पाण्यापर्यंत जमिनीला टेकू द्यायचा नाही. दमली तर दुसऱ्या सवाशिणीच्या डोक्यावर द्यावा, पण तीही भाऊबंदातलीच हवी.

सुषमा पुढे होती. डोक्यावर पाट, दोन्ही हात वर, कानात बँडचा गोंगाट. हेत मागे बायकांच्या घोळक्यात होता. अजून वर्षाचाही नव्हता. मागे आरडाओरडा झाला तेव्हा तिला वाटलं, नाचणाऱ्या पोरांचं काहीतरी. मग कुणीतरी हेतचं नाव घेतलं. ती वळली, पण गर्दीत काही दिसेना, आणि हात तर पाटालाच. "पाट धरा, कुणीतरी पाट धरा," म्हणून ती ओरडत राहिली आणि बायका भाऊबंदातली सवाशीण शोधायला इकडून तिकडे पळत राहिल्या. पाट तिथेच रस्त्यावर ठेवावा आणि धावावं, हे तिला सुचलं नाही. चांगली शिकलेली नर्स, आणि नाही सुचलं. कुणी म्हणेल हे कसं शक्य आहे? ज्यांच्या घरी अशा रिती आहेत त्यांना विचारा, कसं शक्य आहे ते.

प्रसादाचा फुटाणा हेतच्या घशात अडकला होता. बायकांनी पोर उचललं आणि गल्लीचा डॉक्टर म्हणून भूपेंद्रच्या हातात दिलं. त्याने बोट घालून घालून फुटाणा काढायचा प्रयत्न केला. सुषमा पोचली तेव्हा हेत निळा पडून लुळा झाला होता. रिक्षात ती सगळी वाट त्याच्या तोंडात श्वास फुंकत गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, अडकलेलं फार खोल गेलं होतं.

त्या दिवसाची घराने आपल्यापुरती समजूत घातली. सुषमा देवीचं करत होती, तिला बोल लावायचा नाही. भूपेंद्रने जिवाचा आटापिटा केला, त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. बाकी वरच्याची मर्जी. सुषमानेही याच समजुतीवर दिवस रेटले. आपण नाही तर नाही, पण आपल्या पोरासाठी जे करता येण्यासारखं होतं ते कुणीतरी सगळं केलं, एवढा एकच आधार होता तिला. त्या आधारावर ती जेवत होती, ड्युटीला जात होती.

दिवाळीनंतर तो आधारही गेला. तिने आपल्या दवाखान्यात सांगून मोठ्यांच्या वॉर्डातून मुलांच्या वॉर्डात बदली मागून घेतली होती. शेजारणी म्हणाल्या, हिचं डोकं फिरलंय, जखमेवर मीठ चोळून घेतेय. असेलही. दवाखान्याने तिला ट्रेनिंगला पाठवलं. डॉक्टर मनीषा म्हणून मुलांच्या डॉक्टर, गोड बोलणाऱ्या पण नजर घारीची, त्या ते ट्रेनिंग चालवायच्या. रबरी बाळावर सगळं करून दाखवायचं आणि करून घ्यायचं. त्या बाळाला सगळी बॅच ढिंगली म्हणायची, गुजरातीत बाहुलीला म्हणतात तसं. घशात अडकल्याचा धडा आला तेव्हा मनीषाबेन म्हणाल्या, "वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच काढा. दिसत नसेल तर तोंडात बोट घालायचं नाही. बोटाने ती बाहेर येत नाही, आणखी खोल जाते."

खोल. सुषमा तशीच उठली आणि बाथरूमचा नळ सोडून किती वेळ उभी राहिली, तिचं तिला कळलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना भूपेंद्रने भाकरीसाठी हात पुढे केला आणि तिला त्याचं ते बोट दिसलं. भाकरी तिने ताटात टाकली, हातात दिली नाही. कितीतरी दिवस तिला त्याच्याकडे बघवेना. तो घरात आला की ती स्वयंपाकघरात जायची, तो स्वयंपाकघरात आला की गच्चीवर. आणि तो वेडा तिला डोकं दुखतंय का विचारायचा, स्वतः चहा करून आणायचा, त्यात साखर दुप्पट टाकायचा. अशा माणसाचा राग तरी किती दिवस धरायचा? शेवटी तिने ठरवलं की हे आपल्या पोटात राहील आणि आपल्याबरोबरच जाईल. ट्रेनिंगचं मात्र तिने वेडच घेतलं. पुन्हा गेली, मदतीला राहिली, आणि पुढे मनीषाबेननी तिला शिकवणाऱ्यांत घेतलं. आणि आता त्याच हॉलमध्ये भूपेंद्र येणार होता.

रविवारी दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने गजेंद्रला सांगितलं. नवऱ्यालाही तिने तोवर काही सांगितलं नव्हतं. तो ऐकत राहिला. हातातला शर्ट त्याने घडी घालून पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली.

"त्याला सांगायचं नाही," तो म्हणाला. "एक गेलं. आता हाही घालवायचा का? मी सांगतो त्याला, जाऊ नको म्हणून. काहीतरी काम काढतो."

"आणि उद्या त्यांच्या ॲम्ब्युलन्समध्ये कुणाचं पोर असंच आलं तर? ते तेच करतील. त्यांना वाटतं तेच बरोबर आहे."

"दुसऱ्याच्या पोराचं दुसरे बघतील."

असं तो बोलून गेला आणि लगेच त्याची मान खाली गेली. गजेंद्र वाईट माणूस नव्हता. रस्त्यात कुणाचं पोर एकटं दिसलं तर थांबून घर विचारणारा माणूस तो. शर्ट बाजूला ठेवून म्हणाला, "तुला जे करायचं ते कर. पण मला विचारून करू नको. माझ्याच्याने हो म्हणवणार नाही."

मग तिने मनीषाबेनना फोन केला. माझा दीर बॅचमध्ये आहे, घशाचा धडा दुसऱ्या कुणाला द्या, म्हणाली. त्यांनी कारण विचारलं नाही. शिकवणाऱ्यांतला विकास घेईल, म्हणाल्या. सुषमाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

शनिवारी सकाळी भूपेंद्रच तिला बाईकवर घेऊन निघाला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, जणू मुलगी बघायला चाललाय. सकाळच्याच वेळी टेम्पोंनी रस्ता अडवून ठेवला होता, त्यामुळे बाईक मुंगीच्या पावलांनी चालली होती. आत्ताच सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पाठीमागून सांगितलं तर निदान त्याचं तोंड बघावं लागणार नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "तिथे काही काही गोष्टी अशा सांगतात, की आपण आजवर करत आलो ते..."

"चुकीचं निघतं, माहितेय! आमचा ड्रायव्हर जाऊन आला ना. म्हणतो, अर्धं आयुष्य चुकीच्या पट्ट्या बांधल्या." तो हसला. मग सिग्नलला पाय टेकवून जरा मागे वळला, आणि त्याचा आवाज बदलला. "वहिनी, खरं सांगू? मला भीती वाटत होती या ट्रेनिंगची. हेतमुळे. पण मग म्हटलं, त्या दिवशी काही शिकलेलं नसतानासुद्धा मी सोडलं नाही ना त्याला. शेवटपर्यंत केलं. म्हणून जायची हिंमत झाली."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षाने हॉर्नवर हॉर्न दिला. सुषमाने अर्धं राहिलेलं वाक्य तसंच सोडून दिलं. माणूस ज्या फांदीवर बसलाय ती तोडायची तर हातात कोयता तरी धरवला पाहिजे.

हॉलमध्ये नेहमीची गडबड. बॅनर, त्यावर पाहुण्यांचे फोटो बाळांपेक्षा मोठे, चहा, खमणच्या पुड्या. कडोदऱ्याचे, हजिऱ्याकडचे, ओलपाडचे दवाखाने, त्यांच्या नर्सबाया, ब्रदर, एकदोन नवे डॉक्टर. दुपारच्या सुट्टीत शिकवणारे सगळे एका टेबलाशी बसले होते. विकास तरुण होता, हुशार, जिभेला हाड नसलेला. एकेका धड्याच्या टेबलाला ते सगळे स्टेशन म्हणत. "माझं घशाचं स्टेशन म्हणजे करमणूक असते," तो सांगत होता. "दर बॅचला एक तरी वीर निघतो, बोट घालून उकरणारा. मी त्याला विचारतो, विहीर खणतोयस का रे? सगळी बॅच हसते. तो जन्मात विसरत नाही."

सगळे हसले. सुषमाने हातातला घास खाली ठेवला. उरलेली बॅच हसेल आणि मधोमध भूपेंद्र उभा असेल, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्याला हे कळणारच असेल तर निदान त्यावर कुणी हसता कामा नये.

"विकासभाई," ती म्हणाली, "ते स्टेशन मी घेते."

मनीषाबेननी तिच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"हो, मॅडम."

मनीषाबेनची शिकवण्याची एक पद्धत होती, आणि सगळ्यांना ती पाळावी लागे. धडा सुरू करायच्या आधी बोलायचं नाही. ढिंगली टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, आधी तुम्ही करून दाखवा, तुमच्याकडे काय करता ते. माणूस जे खरंच करतो ते हाताने दाखवतो, तोंडाने नाही, असं त्या म्हणत. मग चूक झाली तर न रागावता सांगायची, आणि लगेच त्याच माणसाकडून बरोबर करून घ्यायचं. चूक हातात ठेवून कुणाला घरी जाऊ द्यायचं नाही.

सुषमाने ढिंगली टेबलावर ठेवली. घशात रबराचा तुकडा आधीच अडकवलेला होता. "बाळ वर्षाच्या आतलं आहे," ती म्हणाली. "खात होतं. आता खोकत नाही, रडत नाही, आवाज येत नाही. कोण दाखवेल, तुम्ही काय कराल?"

ती भूपेंद्रकडे बघत नव्हती. एक तरी नर्स पुढे येईल, अशी तिला आशा होती. पण जेवणानंतरची वेळ, सगळ्या एकमेकींच्या मागे. कुणी उठेना.

आणि वहिनी एकटी पडली, तिचा धडा पडेल, असं वाटून भूपेंद्र पुढे आला. त्याचा स्वभावच तो. "मी दाखवतो, सिस्टर," म्हणाला. सगळ्यांसमोर वहिनी म्हणायचं नाही, हे त्याने लक्षात ठेवलं होतं.

त्याने ढिंगली उचलली. उताणी डाव्या हातावर घेतली, हनुवटी खाली ओढून तोंड उघडलं आणि उजव्या हाताचं बोट आत घातलं. आधी हळू. मग एका गालाकडून, मग दुसऱ्या. मग बोट वाकवून आत, आणखी आत. त्याच्या कपाळावर घाम आला. तो आता दाखवत नव्हता, तो पुन्हा त्या रस्त्यावर होता. ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होता.

सुषमाने ते कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी तिची पाठ होती आणि मध्ये गर्दी होती. आपलं पोर कसं गेलं ते ती आत्ता बघत होती, भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, आजूबाजूला लोक वही-पेन घेऊन उभे असताना. तिला ओरडावंसं वाटलं. त्याच्या हातातून ती बाहुली हिसकावून घ्यावीशी वाटली. पण शिकवणारा मध्ये हात घालत नाही.

"थांबा," ती म्हणाली. "आभार. आता सगळे इकडे बघा."

आवाज आपलाच आहे की नाही, तिला कळेना. "भूपेंद्रभाईंनी केलं तसं खूप जण करतात. पोराचा जीव जात असतो, हात आपोआप जातो. पण वस्तू दिसत नसेल तर तोंडात बोट घालायचं नाही. बोटाने ती आणखी खोल ढकलली जाते."

भूपेंद्रने आधी चांगल्या विद्यार्थ्यासारखी मान हलवली. "हां, हां," म्हणाला. दुसऱ्यांदा हलवता हलवता ती मान थांबली. बोट अजून ढिंगलीच्या तोंडात होतं. त्याने बोटाकडे पाहिलं, मग सुषमाकडे. तिने नजर काढून घेतली नाही. तेवढं तरी तिने त्याच्यासाठी केलं.

त्याने बोट बाहेर काढलं. अगदी हळू, समोरच्याला दुखू नये अशा बेताने.

तिने शिकवलं. बाळ हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, जबडा हातात. तळहाताने पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, जोराने थापा. मग उलटं करून छातीवर दोन बोटांनी दाब. पाच थापा, पाच दाब, पुन्हा थापा. मग ढिंगली तिने भूपेंद्रसमोर धरली. नियम होता. नियम नसता तरी तिने धरली असती, कारण कडोदऱ्याची ॲम्ब्युलन्स सोमवारी पुन्हा निघणार होती.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

त्याने ढिंगली घेतली. पालथी केली, डोकं खाली, जबडा हातात, सगळं बरोबर. एक थाप. दुसरी. तिसऱ्या थापेला तुकडा टप्पकन टेबलावर पडला.

बॅचने टाळ्या वाजवल्या. तुकडा पडला की टाळ्या वाजवतातच तिथे. एक नर्स म्हणाली, "अरे, एवढं सोपं!" त्या बिचारीचा काय दोष. पण सुषमाला वाटलं, हिला कुणीतरी गप्प करा.

चार वाजताचा चहा चालू असताना भूपेंद्र मागच्या जिन्यात सापडला. पायरीवर बसला होता, उजवा हात डाव्या हातात गच्च धरून.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"दिवाळीनंतरपासून."

"आणि रोज मला जेवायला वाढत होता?"

"हो."

"कसं वाढवत होतं, वहिनी?"

ती त्याच्या शेजारी बसली. खोटं बोलावं असा क्षण तो नव्हता. "नव्हतं वाढवत. तुमचा हात बघितला की मला कापरं भरायचं. तुम्ही मरावं असंही एकदा मनात आलं." ती पायरीवरची धूळ बोटाने सारत राहिली. "मग गेलं ते. पूर्ण नाही गेलं, पण गेलं. भाऊजी, तुमचा हात चुकला. माझा तर पोचलाच नाही. लाकडाचा पाट धरून उभी राहिले मी. कुणाला काय बोलू?"

तेव्हा तो रडला. लहान पोरासारखा, नाक ओढत, आवाज दाबत, वर हॉलमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिला ठेवायचा होता, पण पाठीवरच्या थापा नुकत्याच शिकवून आली होती आणि तिचा हात उचलेना. वरून कुणीतरी फोटोसाठी हाका मारत होतं.

घरी जाताना तो एवढंच म्हणाला, "मायला मी सांगणार. घरोघर सांगत फिरते ती, माझ्या भूपेंद्रने किती केलं म्हणून. मला ते आता ऐकवणार नाही."

सुषमा नको म्हणाली. म्हातारीचा जीव त्यावर उभा आहे, म्हणाली. गजेंद्रने जे तिला सांगितलं होतं तेच आता ती भूपेंद्रला सांगत होती. पण त्याने ऐकलं नाही. हात धुऊन जेवायला बसले, ताटं वाढली, आणि पहिला घास घ्यायच्या आधी तो बोलला.

"माय, तुले एक सांगनं शे. हेत मन्हा हातथीन गया. बोट घालानं नही ऱ्हास. मन्हा बोटथीन तो फुटाना आखो खोल मझार गया."

गजेंद्रने डोळे मिटून घेतले. धुरपदाबाईने आधी भूपेंद्रकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"तू सांगं का त्याले?"

"हो, आई."

आता ही आपल्याला शिव्या देईल, असं सुषमाला वाटलं. द्याव्यात, त्याने बरंच वाटेल, असंही वाटलं. पण म्हातारीने शिव्या दिल्या नाहीत. तिने पुढचं ताट बाजूला सारलं. भूपेंद्रचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्याची बोटं एकेक करून पदराने पुसली, त्यांना काही लागलंय असं समजून. मग ती बोलली.

"तुन्हा हातथीन नही रे पोऱ्या. फुटाना मी दिन्हा व्हता."

इतक्या महिन्यांत घरातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की फुटाणा पोराच्या तोंडात आपोआप जात नाही. म्हातारी मात्र तो सवाल उरात घेऊन घरोघर भूपेंद्रची तारीफ सांगत फिरली होती, कुणी दुसरं काही विचारू नये म्हणून.

"त्यानी माय पुढे, पाट लिसन. तो रडी रडी जीव दी राह्यंता. चूप करासाठे दिन्हा मी." ती सुषमाकडे बघून बोलत होती, आणि सुनेसमोर तिने हात जोडले होते. "दोन दात इयेल व्हतात ना वं त्याले. माले वाटनं, चावी खाई लेई."